मुक्ता-ओवीच्या नावापुढे

१९ ऑक्टो.
सविताचा फोन. "आबा, पोरींना सुट्टी हाय. आता तरी या."
सून म्हणायचं का अजून तिला? माझा पोरगा संदीप जाऊन तीन वर्षं झाली. तिचं दुसरं लग्न मीच पुढे होऊन लावलं, श्रीगोंद्याच्या दत्ताशी. त्याला आठ महिने झाले. एकदाही गेलो नाही, गुडघ्याचं निमित्त सांगत आलो. आज निमित्त सुचलं नाही. येतो म्हणालो.

२२ ऑक्टो., श्रीगोंदा
तिसगावहून नगर, तिथून दुसरी एस.टी. गिअरबॉक्स आवाज करत होता. डेपोत तीस वर्षं मेकॅनिकी केलेले कान गप्प बसत नाहीत. स्टँडवर दत्ता आणि मुक्ता. थोरली नात, अकरा वर्षांची, पण उंची... संदीपवर गेली. पिशवी तिनेच घेतली. ओवी सहा वर्षांची. आधी लाजली, मग मांडीवरून उठेना.

२३ ऑक्टो.
सकाळी शेळी सुटली. मुक्ता फाटकाची कडी लावायला विसरली होती. शेजारच्या म्हातारीचा मेथीचा वाफा साफ. मला वाटलं, आता पोरीला मार बसणार. दत्ता एवढंच म्हणाला, "मग, काय करायचं आता?"
"सांगून येते."
गेली. दत्ता रस्त्यावर थांबला, तिला दिसेल एवढ्या अंतरावर. आत गेला नाही. म्हातारी बरंच बोलली. मुक्ताने मान खाली घालून सगळं ऐकलं, रडली नाही. दुपारी मुक्ताने आणि म्हातारीने वाफा पुन्हा पेरला. ओवीने पाणी घातलं, निम्मं स्वतःच्या अंगावर.
अभिमान वाटला पोरीचा. आणि लगेच दुसरंही आठवलं. संदीपच्या हातून अशीच म्हैस सुटली होती. मी पट्टा काढला होता. दोन दिवस घरी आला नव्हता.
नाती चांगल्या वाढतायत. यात माझं काय?

२४ ऑक्टो.
ओवी दत्ताला "पप्पा" म्हणते. जेवताना हाक मारली आणि लगेच माझ्याकडे बघितलं. सविता उठून मोरीकडे गेली. शेवटी मीच म्हणालो, "अगं, पप्पांना वरण पाहिजे का विचार." विचारलं तिने.
नंतर मुक्ता हळूच, "आबा, तिला कुनी शिकवलं न्हाई. तिचं तिनंच चालू केलं."
राग आला असं वाटलं असेल तिला. राग नव्हता. काय होतं ते लिहिता येत नाही.

२६ ऑक्टो., तिसगाव
परत आलो. निघताना स्टँडवर एस.टी. लागल्यावर दत्ताने विचारलं, चार दिवस धीर झाला नसावा. "आबा, शाळेत पोरींच्या नावापुढं माझं नाव लावावं म्हनतो. तुमी न्हाई म्हनला तर विषय संपला, पुन्हा काढनार न्हाई."
विचार करून सांगतो म्हणालो. पोरी हात हलवत होत्या. तो मागे उभा.

२८ ऑक्टो.
सकाळपासून कुणाशी बोललो नव्हतो. रशीदभाईच्या गिरणीत जाऊन मेथीची गोष्ट सांगितली. दळण झालं तरी सांगतच होतो. "वळन चांगलं हाय हो तुमच्या नातीला," म्हणाला. 'तुमच्या' ऐकून बरं वाटलं. घरी येऊन दोन भाकरी थापल्या, एक उरली.
घराण्याचं नाव जाईल म्हणावं, तर घराण्यात उरलंय कोण? पण संदीपचं नाव कुठेतरी लिहिलेलं असायला नको?

२ नोव्हें.
दुपारी मुक्ताचा फोन, आईच्या मोबाईलवरून. "आबा, मला माझ्या बाबांचंच नाव ठेवायचंय. पन ओवीचं बदललं तर आमी बहिनी वाटनार का?"
इतकं सरळ या घरात कुणी मला विचारलं नव्हतं. मी विचारू दिलंच नव्हतं.
"दत्ताला बोललीस हे?"
"बोलले. ते म्हनले, आबांनाबी सांग."
"विचार करतो, बाळा," म्हणालो.
"करा निवांत. मीपन करतीय."
फोन ठेवला तिने. दत्ताला अजून काही कळवलेलं नाही.