आटलेली घोंगडी

॥ श्री ॥
पिंपरी, २२ ऑक्टोबर १९५६

तीर्थरूप मामंजींच्या चरणी सौ. इंदूचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. सकाळी नदीकडून असा वारा सुटतो की नळाचं पाणी हाताला चावतं. म्हणून यंदा दिवाळीची झाडलोट आणि थंडीची तयारी एकदमच काढली आहे. पत्र्याच्या फटींत गोणपाट कोंबलं, शेगडीला नवी जाळी बसवली, बाजरी, तीळ, गूळ भरून झालं. डिंकाचे लाडू वळायचे राहिलेत. ते खायला कोण येणार, हे तुम्हीच ठरवायचं.

गेल्या पौषात तुमचा दमा उसळला आणि हे कंपनीतली पाळी सोडून गावी धावले, ते मी विसरलेली नाही. पुढची थंडी माणच्या उघड्या वाऱ्यात काढू नका, असं डॉक्टरांनी तेव्हा बजावलं होतं. मी हे तिसऱ्यांदा लिहिते आहे. आता तरी या. मला फार काळजी वाटते.

या रविवारी सगळी पांघरुणं धुणार आहे. तुम्ही दिलेली काळी घोंगडीसुद्धा.

होकार कळवावा, आणि माया आहे त्याहून चिमूटभर जास्त असावी.
आपली सून,
इंदू

॥ श्री ॥
खडकवाडी, ता. माण, २६ ऑक्टोबर १९५६

चि. सौ. इंदूस आबाजीचे अनेक आशीर्वाद.

फटी बुजवल्यास ते झकास केलंस. पण वरची एक मोकळी ठेव, आणि निजताना शेगडी बाहेर. नाहीतर थंडीपासून वाचाल आणि धुराने गुदमराल. माझं म्हणशील तर मी ओवा शेकतो, छातीला कापराचं तेल चोळतो, दिवस ढकलतो.

येणं मात्र जमणार नाही. मेंढरं आहेत, पण ती पुतण्या राखतो. कुत्रं आहे, पण तेही त्याच्याच मागे फिरतं. तेव्हा सबबी पुरे, खरं लिहितो. तुझ्या सासूला, सयाजीच्या आईला, जाऊन दोन वर्षं झाली. या घरात तिची चूल आहे, तिची टकळी आहे. दाराला कुलूप लावलं तर तिलाच आत कोंडून निघालो, असं वाटेल मला.

ती घोंगडी तिने कातली आणि मी विणली. माझ्या मागावरची ती शेवटची. तिला उन्हात झटकून घ्या, पण पाणी दाखवू नका. कढत पाणी तर मुळीच नको, लोकर आटते.

दोघं उबेत राहा. म्हाताऱ्यावर रागावू नये.
तुझा मामंजी,
आबाजी

॥ श्री ॥
पिंपरी, ६ नोव्हेंबर १९५६

तीर्थरूप मामंजींना इंदूचा नमस्कार, आणि नाक घासून क्षमा.

तुमचं पत्र आलं तेव्हा घोंगडी दोरीवर ठिबकत होती. आम्ही दापोडीची माणसं. माहेरी सगळ्या गोधड्या. आई दर दिवाळीला त्या सोड्याच्या पाण्यात उकळायची. मी सासूबाईंच्या हातची घोंगडी तशीच उकळली! दोन माणसांचं पांघरूण एवढंसं झालं. पत्र वाचल्यावर मी ढसाढसा रडले. हेही दोन दिवस माझ्यावर रुसून होते.

शेजारच्या रहिमाबी शिवणकाम करतात. त्यांनी घोंगडी हातात घेतली, तोंडाशी धरून फुंकर मारली. पलीकडे वाराच जाईना. त्या म्हणाल्या की दम्याच्या माणसाला याहून चांगलं कापड बाजारात मिळायचं नाही. मग यांच्या मापाने तुमच्यासाठी बंडी शिवली. मशीनच्या दोन सुया मोडल्या, तेव्हा बाकीची दाभणाने मी हातानेच टाचली. कडेची तांबडी रेघ तेवढी वाया जाऊ दिली नाही.

कंपनीतले मारुतराव सुट्टीवर गावी येत आहेत, त्यांच्याबरोबर पत्र आणि बंडी पाठवते. रागवा, पण अंगात घाला.

चुकलेल्या सुनेवरची माया आटू देऊ नये.
इंदू

॥ श्री ॥
खडकवाडी, १५ नोव्हेंबर १९५६

चि. सौ. इंदूस पोटभर आशीर्वाद.

खोटं कशाला लिहू, पत्र वाचून आधी तुझा रागच आला. मग पुडकं सोडलं. तांबडी रेघ तू नेमकी काळजावर आणली आहेस. त्या रेघेची लोकर तिने हट्टाने रंगवली होती, आणि मी तिच्याशी त्यावरून भांडलो होतो. खूप रडलो, मग खूप हसलो. जन्मभर विणलं, पण घोंगडी उकळून बंडी करायची अक्कल मला सुचली नाही.

आठ दिवस ती अंगातून काढलेली नाही. पहाटे अंगणात बसतो तरी छातीत वारा शिरत नाही. एक बटण लागत नाही. तुझे लाडू खाल्ल्यावर दुसरंही लागणार नाही. रहिमाबींना माझा सलाम सांग.

काल दाराला कुलूप लावून पाहिलं. ती आत राहिली असं वाटलं नाही. ती माझ्या अंगावर होती. येत्या मंगळवारी आम्ही येतो. थंडी सरेपर्यंत मुक्काम.

उरलेला लोभ समोर बसूनच मागून घेईन.
तुझा मामंजी,
आबाजी

ता. क. बंब पेटवून ठेव. मात्र कढत पाणी माझ्या एकट्याच्याच अंगावर घाल, बंडी खुंटीवर राहू दे.