खांदे सुटले

दादा,

आज छत रंगवलं. दोन्ही खांदे आखडल्यापासून मुकादम मला भिंतीचा फक्त खालचा भाग द्यायचा, वरचं बाकीचे रंगारी उरकायचे. आज मी न विचारताच शिडीवर चढलो आणि रोलर फिरवला. हात सरळ वर गेला. खाली सगळे ओरडले, "काकांचे खांदे सुटले रे!" मला काहीच वाटलं नाही. पापणीवर रंगाचा थेंब पडला, तो पुसला.

आपले अण्णा गेले तेव्हा मला शर्टसुद्धा बायको चढवून द्यायची. तू मात्र चारचौघांत म्हणालास, "सख्ख्या बापाला खांदा द्यायला पुढे येईना हा!" माझं दुखणं सांगत बसायची ती जागा होती का? तेव्हापासून तू बोलत नाहीस.

असो. आता हात वर जातात. तुझ्या वेळी मी सगळ्यात पुढे असेन, काळजी करू नकोस.

हे वाक्य मी तुझी समजूत काढायला लिहिलं. परत वाचलं, तर शाप दिल्यासारखं वाटतंय. म्हणून पत्र पाठवत नाही. पण वाक्य खोडणारही नाही, कारण ते खरं आहे.

तुझा,
धाकटा