चौदा नंबरापुढचे पाच जण

तीर्थरूप आदगोंडामामा यांस,

अमेरिकेतला तो चौदा नंबरचा खेळाडू लोकांनी उगाच डोक्यावर घेतला आहे, की त्याचं खरं मोल अजून कुणाला कळलेलंच नाही? मामा, ह्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. आठवडाभर झटून अभ्यास केला, तरी येत नाही. हे आधीच कबूल करते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल.

वाकून नमस्कार, आणि जय जिनेंद्र. (हा जय देवाचा आहे, तुम्ही सुचवलेल्या स्थळाचा नव्हे. मुलाचं नाव जिनेंद्र निघाल्यापासून आमच्या घरात साधा नमस्कारसुद्धा प्रचारासारखा ऐकू येतो.) तुमचा गुडघा कसा आहे? मामी सांगतात तसं एरंडाचं पान बांधता, की डाळिंबाची क्रेटं उचलून त्यालाच व्यायाम म्हणता? आम्ही सगळे मजेत आहोत. कुपवाडच्या कारखान्यात आप्पांच्या लेथ मशीनला नवा पट्टा बसला. आईचे गुडघे चांगले आहेत, फक्त ती माझ्याशी बोलत नाही. का बोलत नाही, ते तुमच्यापर्यंत "पोरीनं हाताला आलेलं स्थळ घालवलं" एवढ्या एका वाक्यात पोचलं असेल. ते वाक्य अगदीच खोटं नाही, पण त्यात माझी बाजू नाही. म्हणून हे पत्र.

तुम्हाला माहीत आहे, माझ्यापुढे दिवाळीनंतर दोन वाटा होत्या. एक ओहायो, दुसरी आटपाडी. ओहायोला तुम्ही सुचवलेले जिनेंद्र होते आणि आटपाडीला तुमच्याच गावच्या शाळेतली विज्ञान शिक्षिकेची जागा. आप्पांचं म्हणणं, आधी पाहुणे बघून जाऊ देत, शाळा काय पळून जात नाही. (शाळा पळून जात नाही, पण जागा जाते. रुजू होण्याची तारीख पत्रावर स्पष्ट छापलेली होती.) तर त्या रविवारी नांद्र्याहून मुलाचे आईवडील प्रत्यक्ष आले आणि मुलगा फोनवर आला. फोन हळदीच्या बरणीला टेकवून ठेवला होता, त्यामुळे त्यांना तिकडून आप्पांचं कपाळ आणि भिंतीवरचं कॅलेंडर एवढंच दिसत होतं. आमच्याकडे ऊन कलत होतं, त्यांच्याकडे अजून उजाडलं नव्हतं. सूर्य मावळायच्या आत पाहुण्यांचं खाणं उरकायचं म्हणून आईने घाईने कांद्याशिवायचे पोहे वाढले. मी स्त्रीशिक्षणावर आणि जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या पाणीटंचाईवर माझे विचार तयार ठेवले होते. (आदल्या दिवशी आरशासमोर म्हणूनही पाहिले होते.) मुलाची आई फोनमध्ये तोंड घालून म्हणाली, "आरं, कायतरी इचार की पोरीला! नुस्ता बसलाय." मुलाने डोकं खाजवलं, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, तुमच्या मते बेलगार्ड ओव्हररेटेड आहे की अंडररेटेड?

हा बेलगार्ड म्हणजे तोच चौदा नंबरवाला. आईला वाटलं, हा एखादा औषधाचा प्रकार असावा. मला तेही वाटलं नाही. मी खरं ते सांगितलं, की मला माहीत नाही, पण अभ्यास करून पुढच्या रविवारी सांगते. आईने मागून असा चिमटा काढला की तो अजून हिरवा आहे. मुलाच्या वडिलांनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

मामा, आमच्या घरात पदवी मी पहिली मिळवली, ह्याचा मला अभिमान आहे, पण त्याचा त्रासही आहे. फ्रीज गुरगुरायला लागला की मला विचारतात. शेजारच्या पीरमहंमदचाचांचा साखरेचा रिपोर्ट आला की मला विचारतात. कर्नाटकात स्तवनिधीला दर्शनाला जाताना एक कन्नड पाटी मला वाचता आली नाही, तर आप्पा म्हणाले, "मग पदवी कशाची म्हणायची ही?" अशा घरातल्या मुलीने पाहुण्यांसमोर "माहीत नाही" म्हणणं म्हणजे भर बाजारात चप्पल तुटण्यासारखं. त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून घराने तो प्रश्न माझ्या हातातून काढून घेतला. आप्पांनी तो कारखान्यात नेला. तिथे दोन तट पडले आणि एक लेथ थोडा वेळ बंद राहिला. तुम्हीही आटपाडीहून फोन केलात, "तू आपलं अंडर म्हन. कुनाला कमी लेखलंय म्हटलं की आपली मानुसकी दिसती." आईचा सल्ला, दोन्ही म्हण आणि चहा ठेवायला आत जा.

मी मात्र अभ्यासच केला. हा खेळ आपल्या फुटबॉलसारखा नाही. पाय फक्त पळायला, चेंडू लांबट, हातात घेऊन पळायचा किंवा लांब फेकायचा. फेकणारा म्हणजे हा चौदा नंबरवाला. (त्याच्या हातात चेंडू कसा येतो, ते मी आईला दाखवलं नाही. पुढचा गडी ओणवा होऊन स्वतःच्या दोन पायांमधून मागे देतो.) मंगळवारी पहाटे तिकडचा एक सामना फोनवर लागला, तेव्हा आप्पा, आई, पीरमहंमदचाचा आणि मी असे चौघे बसलो. चाचा ताडपत्र्या शिवतात, पण तरुणपणी कबड्डी खेळलेले. आमच्याकडे उजाडल्याशिवाय चहा नसतो, त्यामुळे सगळ्यांची मतं फार कडक होती.

आप्पा म्हणाले, "ह्यो गडी लय चढवून ठेवलाय. पाच आडदांड गडी म्होरं हुबं र्‍हाऊन मार खात्यात, आन् नाव ह्याचं." चाचा उसळले, "आप्पासो, चेंडू सोडल्यावर बी त्याला उताना पाडत्यात, बघा की. तरी उठतोय आन् पाडणाऱ्यालाच हात देतोय. असला गडी बघितलाय का कवा तुमी?" आईला मधेच कुठूनसं कळलं की चेंडू चामड्याचा असतो. ती म्हणाली, "चामडं छातीशी धरून पळतोय, त्यो कसला भारी!" आणि नांद्र्याचा मुलगाही असला चेंडू धरतो का, हे तुमच्यामार्फत विचारायचं तिने ठरवलं. (क्रिकेटचा चेंडूही चामड्याचाच असतो, हे मी बोलले नाही. घरात आधीच पुरेसं तापलं होतं.)

मी मात्र त्या पाच जणांकडे बघत राहिले. चेंडू निघाला की ते एका जागी पाय रोवून उभे राहतात, समोरचे येऊन आदळतात, आणि मागे ह्याला श्वास घेण्यापुरती सवड मिळते. मग हा फेकतो. कॅमेरा चेंडूमागे जातो आणि ते पाच जण गवतात पडलेले असतात. त्यांची नावं मी शोधली, तेव्हा कुठे सापडली. मला एकदम आप्पा आठवले. (ते शेजारीच बसले होते, तरी आठवले.) माझी परीक्षा असली की दिवसपाळी बदलून रात्रपाळी घेणारे आणि सकाळी मला स्टँडवर सोडून मग झोपणारे. आई, जिने तीन वर्षं "पोरीला इतकं शिकवून काय करणार" ह्या प्रश्नाला गल्लीत एकटीने तोंड दिलं. कॉलेजच्या पहिल्या दिवशी बस चुकली तेव्हा ताडपत्र्यांच्या टेम्पोत बसवून नेणारे चाचा. सुट्टीत आटपाडीला मला अभ्यासाला वेगळी खोली देणाऱ्या मामी. आणि, मामा, तुम्ही. माझं कॉलेज बंद करायची घरात पहिल्यांदा भाषा झाली, तेव्हा तुम्ही आटपाडीहून येऊन आमच्या उंबऱ्यात उभे राहिलात. तुमच्या देहामुळे आत उजेडच येईना, म्हणून आप्पांनी विषय बदलला, असं आई अजून सांगते. चौदा नंबरवाल्याचं मोल मला ठरवता आलं नाही ते म्हणूनच. पुढचे पाच जण काढून टाकले तर उरतं किती, हे कळल्याशिवाय कसं सांगायचं? आणि माझं तरी? आजवर मी एकही चेंडू फेकलेला नाही.

दुसऱ्या रविवारी फोन आला, तेव्हा खाली नेट मिळेना म्हणून मी गच्चीवर गेले. (खरंच मिळत नव्हतं.) मी जिनेंद्रना म्हटलं, मला उत्तर आलं नाही, तुमचं उत्तर काय? मग त्यांची अमेरिका गळून पडली आणि नांद्रं बाहेर आलं. "खरं सांगू? मलाबी ठावं न्हाई. हापिसात दर सोमवारी हेच इचारत्यात. पयला सायेब त्याला लय भारी म्हनायचा, मग मीबी म्हनलं लय भारी. आता नवा सायेब आलाय, त्याला त्यो आवडत न्हाई. आता काय म्हनावं कळंना, म्हून जेवनाच्या सुट्टीत मी गाडीत बसून एकटाच डबा खातोय. वाटलं, तुमी शिकलेल्या, तुमास्नी कळत असंल."

मामा, मला हसूही आलं आणि त्या डब्याचं वाईटही वाटलं. मी म्हटलं, उद्या सरळ सांगा, मला माहीत नाही. वाटल्यास त्यांना कबड्डी समजावून द्या. मग मी माझं सांगितलं. तिकडे आले तर व्हिसामुळे मला कुठे शिकवता येणार नाही, घरात बसावं लागेल, आणि मला शिकवायचं आहे. ते म्हणाले, "मग नगाच येऊ. गाडीत बसून डबा खायला आनखी एक मानूस कशाला आनायचं?" माणूस सोन्यासारखा आहे, तुमची पारख चुकली नव्हती. मंगळवारी सकाळी त्यांचा निरोप आला. सोमवारी ऑफिसात ते माहीत नाही म्हणाले, तर टेबलाशी बसलेला एक जण हळूच म्हणाला, मलाही नाही. आता दोघं एकत्र जेवतात. नांद्र्याला नकार ते स्वतःच कळवणार आहेत; आईला मी सांगितलं, तेव्हापासून ती बोलत नाही.

तर घडलं ते असं. थोरांना नमस्कार, गुडघ्याला जपा, आणि रागवायचं असेल तर माझ्यावरच रागवा.

तुमची,
ब्राह्मी

ता. क. आईला चामड्याबद्दल कळवा की तो मुलगा चेंडूला हातही लावत नाही. स्थळ गेलं तरी तिला बरं वाटेल.

आणखी ता. क. मुख्य गोष्ट राहिली. शाळेला होकार कळवल्याचं आप्पांना अजून सांगितलेलं नाही. "मामांकडे जाते" एवढंच बोलले, ते खरंच होतं. स्टँडवर बॅग चढवताना ते म्हणाले, "दगडं भरलीत का काय?" मी म्हटलं, पुस्तकं. तेही खरं होतं. पुढचं मात्र माझ्या तोंडून निघेना. तेव्हा अजून एकदा माझ्यापुढे उभे राहा आणि त्यांना फोन करा. पण अंधार पडल्यावर करा. आधी केलात तर ते रागाने ताटावरून उठतील, आणि एकदा सूर्य मावळला की सकाळपर्यंत उपाशी राहतील. म्हणूनच मामींना सांगून ठेवलं आहे, हे पत्र तुमचं जेवण झाल्याशिवाय हातात द्यायचं नाही.

शेवटचं ता. क. जागा रजेवर गेलेल्या बाईंची आहे, मे महिन्यापर्यंतचीच. हे आप्पांना आजच सांगायची गरज नाही. पत्रावर तिकीट का नाही, असं तुम्ही मामींना विचारत असाल. मी पहाटेच्या एसटीने आले, आज सकाळी रुजू झाले, आठवीचा तास घेतला, आणि आता तुमच्या स्वयंपाकघराच्या दाराआड उभी आहे. हाक मारलीत तर येते.