लोकसंख्या : एक

६ मे
गनीमामूंनी शब्द टाकला आणि इथे आखातात, देरातल्या ऑफिसात मला काम मिळालं. बारावी नापासाला खुर्ची आणि एसी! परदेशी गावांची माहिती जुन्या कागदांवरून कॉम्प्युटरात भरायची. सदानंद सर म्हणाले, यल्ला झैदभाई, हात चालवा, पण आकडा चुकवू नका. मी प्रत्येक ओळ दोनदा तपासतो.

७ मे
आज चेक देशातलं झाव्रशी. उंची ६१२ मीटर. दोन डोंगरांमधला उतार, फरची झाडं, एक तळं. पहिली नोंद १३९१ ची. १९३० साली घरं ४३, माणसं २१८. १९४६ मध्ये सगळ्यांना मालगाडीत भरून सीमेपार पाठवलं, मग घरं पाडली. २०२१ चा रकाना कोरा. कॉम्प्युटर कोरा रकाना घेत नाही, शून्यही घेत नाही. सर म्हणाले, सगळे टाकतात तसा एक टाका, खलास. मी विचारलं, पण तिथे राहतं कोण? हसून म्हणाले, तुम्हीच राहा की, भाडं नाही.
टाकला.

९ मे
हजेरीचं मशीन माझा अंगठा घेईना. रजिस्टरात सही केली. दुपारी पाहिलं, सही नव्हती. बाहेर बेचाळीस डिग्री, आणि माझ्या बुटांना ओला चिखल. त्यात फरची सुईसारखी पानं.

१२ मे
झाव्रशीची नोंद उघडली. एकच्या पुढे आता वय आहे : एकवीस. माझं. पुसलं. परत आलं. सरांकडे धावलो. ते माझ्या खुर्चीत दुसऱ्याला बसवत होते. यल्ला, हात चालवा, म्हणाले. त्याला.

१४ मे
इंटरनॅशनल सिटीतल्या खोलीत आम्ही आठ जण. आज सुजीतने सात ताटं वाढली. खिडकीतून समोरची बिल्डिंग दिसत नाही. उतार दिसतो. तळं.

१५ मे
मामूंना फोन लावला. ते हॅलो हॅलो करत राहिले. मी ओरडत होतो—

१६ मे, सकाळ
मामू आलेत. माझी बॅग भरताहेत. सुजीतला म्हणाले, पोरानं सांगून तरी जायचं. मी त्यांची बाही धरली. बोटांत येत नाही—
बाहेर घंटा. उतारावरून माणसं येताहेत. गाठोडी घेऊन, रांगेने. बायका, म्हातारे. आपापली घरं मागताहेत, माझ्याकडे. मी काय— मी नाही पाडली—
बाकीचे कामाला गेलेत; मामू आणि सुजीत चपला घालताहेत. मामू, कुलूप नका लावू, मी आत