रोगट वाफ्यातली चौदावी ओळ

प्रिय खारूताई,

सोमवारी तुझं कापसाचं रोगाला न बधणारं वाण मंजुरीच्या अर्जासकट समितीपुढे जाणार, हे मी गल्लीभर सांगून झालंय. परवा तुझा जुना कोट धुवायला टाकला, तर बादलीत सरकी तरंगायला लागली. एवढी मोठी झालीस तरी खिशात बिया कोंबायची सवय काही जात नाही!

पहिला संकर केलास ते आठवतं? संध्याकाळी कळी सोलून पुंकेसर काढायचे, सकाळी दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे आणि खूण म्हणून आईच्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा बांधायचा. आई घरभर दोरा शोधायची आणि ओरडा मी खायचो. पुढे मी तुझ्याच कापूस संशोधन केंद्रात रोगट वाफ्यावर लागलो. लोक रोग घालवतात, आपण तो जपतो. मर रोगानं मेलेली झाडं चिरून त्याच मातीत पुरायची, म्हणजे पुढच्या वर्षी जे तगेल ते खरं. त्या वाफ्याला औषध दाखवायचंही नाही, हे नव्या माणसांना मीच दरडावून सांगतो.

दोन वर्षांपूर्वी तू पाय मोडून दवाखान्यात पडली होतीस. त्या वाफ्यातल्या चौदाव्या ओळीची, म्हणजे तुझ्या याच वाणाची, पानं पिवळी पडायला लागली. तू फोनवर विचारलंस, आणि मी म्हटलं, झकास आहे. तुझी सहा वर्षं मातीत जाताना मला बघवेना गं. दोन झाऱ्या औषध फक्त त्या ओळीला ओतलं. बाकी वाफा वाळला, तुझी ओळ उभी राहिली. तू काठी टेकत आलीस आणि माझ्या गळ्यात पडून रडलीस. तेव्हाच बोलायला हवं होतं.

यंदा गच्चीवर चाळीस कुंड्यांत रोगट माती भरून तेच बी लावलं. म्हटलं, तगलं तर प्रश्नच मिटला. एकतीस झाडं मेली.

म्हणून हे पत्र. अर्ज मागे घे आणि कारणात माझं नाव लिही. साहेबांना मी उद्या स्वतः सांगतोय, नोकरी गेली तर गेली. उरलेल्या नऊ झाडांचं बी नऊ पाकिटांत सोबत पाठवलंय, प्रत्येकाला लाल दोरा बांधून. त्यांना औषधाचा थेंबही दिलेला नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, पुन्हा रोगट वाफ्यात पेरून बघ. झाऱ्या मात्र या खेपेला तुझ्या खोलीत कुलूप लावून ठेव.

तुझाच,
दादा