एलिशाची धर्ममाता

सोम. ११ ऑगस्ट
सकाळी लॅबमध्ये गेले तर नमुन्यांचा फ्रिज कोमट. शनिवार-रविवारी कधीतरी बंद पडला असणार. आतलं रक्त वाया, पेशंटना परत बोलवावं लागणार, असंच मी धरून चालले होते. आमची हेड मोनिका. तिने फ्रिज चालू केला, तेच नमुने मशीनवर चढवले, आणि दुपारी रिपोर्ट स्वतःच पाठवून दिले. मला म्हणाली, "ऑडिट तोंडावर आलंय. तू समजदार आहेस." बस्स. गप्प राहा असं नाही म्हणाली.
गप्प राहिले.

मंगळ. १२
आमच्या एलिशाने दृढीकरणासाठी संत निवडला; बिशप कपाळाला तेल लावून त्याच संताचं नाव तिला देणार. वाटलं होतं आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया घेईल. बाईसाहेबांनी घेतला थॉमस बेकेट, इंग्लंडचा जुना आर्चबिशप.
नेल्सन : मुलीला थॉमस नाव?
ती : इट्स अलाउड, डॅड. आय आस्क्ड फादर.
का हाच, तर म्हणे चार सरदारांनी भर चर्चमध्ये तलवारीने त्याचं डोकं फोडलं. मेंदू फरशीवर. हे सांगताना सॉसेज खात होती. मी माझी प्लेट झाकून ठेवली.

बुध. १३
प्रोजेक्ट मोठ्याने वाचून दाखवला. राजा आणि थॉमस जिवलग मित्र. राजानेच त्याला आर्चबिशप केलं, आपला माणूस खुर्चीवर हवा म्हणून. आणि तिथे बसल्यावर हा राजालाच नाही म्हणायला लागला.
"सो अनग्रेटफुल," एलिशा म्हणाली. मी भांडी घासत होते, मान वर केली नाही.
मोनिका आणि मी एकाच गावच्या. एलिशाच्या बाप्तिस्म्याला तिला हातात धरलं ते मोनिकाने. धर्ममाता तीच. ही नोकरी तिने दिली, व्हिसा तिच्या शब्दावर निघाला, या देशात आल्या आल्या तिच्या केलीव्हिलच्या घरात तिघं राहिलो, तिने कधी तोंड वाकडं केलं नाही. चोवीस तारखेला बिशपसमोर एलिशाच्या खांद्यावर हात ठेवून तीच उभी राहणार.

शुक्र. १५
क्वालिटी विभागाची हेलन टी-रूममध्ये आली. फ्रिजच्या तापमानात काहीतरी गडबड दिसतेय, तुला काही माहीत आहे का?
"नो, ऑल गुड." माझाच आवाज. काचेपलीकडे मो. उभी होती. हसली माझ्याकडे बघून. चहा तसाच ओतून दिला.

रवि. १७
चर्चमध्ये मिस्सेला मो. आमच्याच बाकावर. एकमेकांना शांती द्यायच्या वेळी नेहमीसारखी गळामिठी. एलिशासाठी पांढरा ड्रेस आणलाय, खूप सुंदर आहे. दृढीकरणाच्या जेवणाला फुगे तीच तळणार, पीठ आदल्या रात्री भिजवणार. मला हात लावू देत नाही, तुझे दगड होतात म्हणते.
प्रार्थनेत काय मागावं तेच कळेना. फ्रिजबद्दल देवाला काय सांगायचं.

मंगळ. १९
झालं ते झालं. एका बाईचं रक्त वॉर्डातून पुन्हा आलं. आजचे आकडे आणि त्या सोमवारचे आकडे, दोन वेगळी माणसं वाटावीत. डॉक्टरचा फोन : यातलं खरं कुठलं? जुन्या रिपोर्टवरून औषध बदललंय.
फोन माझ्या हातात. मो. सुट्टीवर.
"आजचं," म्हटलं. ठेवला. तशीच हेलनकडे गेले, बसले नाही, सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली थँक यू, नो वरीज, आता आम्ही बघतो. सगळ्या वरीज माझ्याकडेच राहिल्या. त्या सोमवारचे बाकीचे पेशंटही परत बोलावणार आहेत. ती बाई कशी आहे, कोणी सांगत नाही.

बुध. २०
नेल्सन ओरडला नाही. ओरडला असता तर बरं. नुसता कॅलेंडर बघत बसला. नोकरी गेली तर व्हिसाला दुसरा स्पॉन्सर कुठून आणणार, एलिशाची शाळा, सगळं. "मला आधी विचारायचंस," एवढंच म्हणाला.
विचारलं असतं तर गेलेच नसते.
मो. कामावर नाही. घरी बसवलंय. मेसेज नाही, फोन नाही. बाहेर गाडी थांबली की मी खिडकीशी. काय करणार आहे ती, येऊन मारणार आहे का? तरी जाते.

गुरु. २१
एलिशाच्या प्रोजेक्टचं शेवटचं पान. राजाने मारा असं सांगितलंच नव्हतं. रागात काहीतरी बोलला, चौघे समजून गेले. साधू चर्चचं दार लावून घ्यायला लागले, तर थॉमसने लावू दिलं नाही.
"वॉज ही स्केअर्ड, ममा? इट डझन्ट से."
"लिही. घाबरला होता."
"हाऊ डू यू नो?"
दूध उतू जातंय म्हणून उठले. दूध ठेवलंच नव्हतं.

शनि. २३
उद्या दृढीकरण. धर्ममाता येणार की नाही, माहीत नाही. फादरना सांगावं का? काय सांगू? फोन हातात घेतला, तिचं नाव काढलं, ठेवला. सोमवारी नऊला मीटिंग, मला बोलावलंय. कोण कोण असणार ते लिहिलेलं नाही.
एलिशा विचारते, मोनिका आंटी फुगे कधी आणणार. तिला काही सांगितलेलं नाही.

रवि. २४
आली. मिस्सा सुरू झाल्यावर, मागच्या दाराने. आमच्या बाकावर नाही बसली. एलिशाची रांग लागली तेव्हा उठून सरळ तिच्या मागे जाऊन उभी राहिली आणि खांद्यावर हात ठेवला. बिशपनी कपाळाला तेल लावलं, तिला 'थॉमस' अशी हाक मारली. मो.चा हात पांढऱ्या ड्रेसवर मला इथून दिसत होता. मला रडू आलं, नेल्सनने रुमाल दिला.
बाहेर फोटो झाले. तिने फुग्यांचा डबा माझ्या हातात दिला. अजून गरम. फार वाळली आहे एवढ्यात. मी म्हटलं, मोनिका... तिने माझ्याकडे पाहिलं नाही. एलिशाचे केस नीट करत म्हणाली, "उद्या नऊला मी पण आहे."
आणि गाडीकडे गेली.
काय बोलणार आहे, कोणाबद्दल, विचारायची हिंमत झाली नाही. एलिशाने फुगे संपवले. मी एकच खाल्ला. नेहमीसारखाच हलका झाला होता.