मामांनी बसवलेले दोन दरवाजे

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार (इथे आडवं पडायला जागा नाही, म्हणून बसूनच). कंबर कशी आहे? मामींचा चष्मा सापडला का? माझी तब्येत ठणठणीत आहे. फक्त सकाळी अकरापासून मी तुमच्या दोन दरवाजांच्या मध्ये कोंडली गेले आहे.

चूक माझीच. त्या दिवशी जेवलेला हात वाळेपर्यंत मी तुम्हाला आमच्या जिवाणूंचं पुराण ऐकवलं. त्यांचा डीएनए कड्यासारखा गोल, त्याची नक्कल करणारी दोन यंत्रं एकाच जागेवरून निघून उलट्या दिशांनी धावतात, आणि समोरच्या बाजूला प्रथिनांचे पहारेकरी बसलेले. ते येणाऱ्याला आत सोडतात, पण पलीकडे निसटू देत नाहीत. आधी पोचेल त्यानं थांबायचं, दुसरा येऊन भेटला की नक्कल संपली. पुढे आमच्या प्रयोगशाळेच्या गोल बोळातल्या दरवाजांचं काम मी तुम्हाला मिळवून दिलं, आणि तुम्ही भाचीच्या शब्दाला मान देऊन दोन्ही दारांना मुठी फक्त बाहेरून लावल्यात. धन्य आहात.

मी इथल्या शीतकपाटात नळ्या ठेवायला आले होते. (यातल्या जिवाणूंचे पहारेकरी आम्ही मुद्दाम काढून टाकलेत. त्यांची नक्कल भेटीच्या जागी थांबतेच असं नाही, झालेल्याचीच पुन्हा होत राहते.) फोन बाहेर माझ्या टेबलावर राहिला. तासभर दार बडवलं, कोणी फिरकलं नाही. मग समोरच्या दारापलीकडे पावलं वाजली आणि हायसं वाटलं. पण मामा, डावी चप्पल कुरकुरत होती. रविवारी तुम्ही डिंक लावून दिलात तशी चप्पल या इमारतीत माझीच आहे, आणि ती माझ्या पायात आहे. मी हाक मारली. उत्तर माझ्याच आवाजात आलं. आता ती बाहेरून दाराची मूठ चाचपते आहे. मला फार भीती वाटते आहे, कारण नक्कल नीट उतरली की जुनी नळी आम्ही टाकून देतो.

तुमची लाडकी भाची

ता. क. तुम्ही दाराखाली बोटभर फट ठेवलीत म्हणून तुम्हाला किती बोलले होते मी. आता मागच्या दाराच्या त्याच फटीतून हे पत्र सरकवते, शिपाई उचलून टपालात टाकेल. लगेच या, आणि आतून मुठी बसवा.

ता. क. २ हे पत्र मला बाहेर बोळात मिळालं. मामा, मुठींची काही घाई नाही, येऊ नका. दरवाजे झकास बसवलेत. आतलं बडवणं बाहेर मुळीच ऐकू येत नाही. रविवारी जेवायला येते.